मानपत्रातलं एक वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय काकासाहेब. जुन्या जालन्यातलं आपलं कापडाचं दुकान आज बंद ठेवून आलेले प्रमुख पाहुणे आणि माझे माजी विद्यार्थी सर्जेराव. विद्यालयाचे मुख्याध्यापक रामप्रसाद सर. व्यासपीठावर नव्या साडीत अवघडून बसलेल्या आणि व्यासपीठावरच्यांत मी काय बोलणार हे ठाऊक असलेल्या एकमेव व्यक्ती, माझ्या सौभाग्यवती तुळजाबाई. माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर बंधू-भगिनी. कुंभार पिंपळगावातली आणि आसपासच्या गावांतली वडीलधारी मंडळी, माता-भगिनी. आणि पुढं बसा म्हटलं तरी सवयीनं शेवटच्या रांगा धरलेले माझे आजी-माजी खेळाडू. सर्वांना या तातेराव कंटुलेचा नमस्कार, जय भीम, सलाम.

मंडळी, एकतीस वर्षं मी या शाळेत शिट्टीनं बोललो. एक शिट्टी म्हणजे पळा, दोन म्हणजे थांबा, आणि लांबलचक शिट्टी म्हणजे कंटुले सर भडकले. तोंडानं सलग बोलायची मला सवय नाही. त्यामुळं सत्काराला उत्तर द्यायचं ठरल्यापासून मी कागदावर लिहून काढलं, पाठ केलं, आणि आत्ता इथं उभं राहिल्यावर चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. तेव्हा जसं जमेल तसं ऐकून घ्या.

मघाशी रामप्रसाद सरांनी मला शिस्तप्रिय म्हटलं. सर, मागच्याच वर्षी शनिवारी टोपी न घालता आलो म्हणून तुम्ही मला लेखी समज दिली होती. ती मी जपून ठेवलीय. निरोपाच्या दिवशी माणूस एकदम इतका चांगला कसा होतो, याचा अभ्यास कोणीतरी करायला पाहिजे. काकासाहेबांनी तर मला शाळेचा कणा म्हटलं. काकासाहेब, तुमचं प्रेम आहे म्हणून तुम्ही म्हणता. खरं म्हणजे मैदानाच्या कुंपणासाठी मी नऊ वर्षं तुमच्या मागं लागलोय. जाता जाता तेवढं बघा.

आणि सर्जेराव. सर्जेराव बोलायला उठले आणि सभा त्यांनी जिंकून घेतली. माझ्या लाकडी पेटीची गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली. पोराच्या तळपायात काटा मोडला की सर पेटी उघडायचे, पेटीत मेणबत्ती, दाभण आणि बिब्बा. बिब्ब्याला दाभण टोचायचं, ज्योतीवर धरायचं, आणि वर आलेलं ते गरम काळं तेल तळव्यावर टेकवायचं. पोरगं बोंबलायचं. सर म्हणायचे, 'दवाखान्यात गेला असता तर आठ दिवस बसला असता, आता उद्या सकाळी मैदानावर ये.' आणि पोरगं दुसऱ्या दिवशी यायचं. सर्जेरावांनी माझा आवाजही हुबेहूब काढला. तुम्ही हसलात, टाळ्या वाजवल्या. शेवटी ते म्हणाले की, सरांच्या पेटीमुळं आमच्या पिढीनं डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही.

त्यानंतर लगेच आकांक्षा मॅडमनी मानपत्र वाचलं. मॅडम याच शाळेच्या विद्यार्थिनी, उद्यापासून माझ्या जागी क्रीडा शिक्षिका. वाचन सुंदर झालं. त्यात एक वाक्य आहे. 'दुर्धर कर्करोगाशी झुंज देणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला पित्याच्या मायेने आधार देणारा हा थोर गुरू म्हणजे आपल्या गावाचे भूषण होय.' या वाक्यालाही तुम्ही टाळ्या वाजवल्या. काहींनी मागं वळून पाहिलं, कारण ती विद्यार्थिनी, पायल अप्पाराव खरात, दारापाशी खुर्चीवर बसलीय. तिचा भाऊ सूरज तिला उचलून घेऊन आलाय. शेजारी तिची आई, प्रभावतीबाई आहेत.

मंडळी, पेटीला टाळ्या वेगळ्या वाजल्या आणि त्या वाक्याला वेगळ्या वाजल्या. ती एकच गोष्ट आहे. ती सांगायलाच मी आज उभा आहे. पायलची परवानगी आहे. परवानगी म्हणण्यापेक्षा, तिनं मला तसं बजावलंय.

पायलला तुम्ही सगळे ओळखता. पण खेळताना किती जणांनी पाहिलंय? माझ्या एकतीस वर्षांत खो-खोत असं संरक्षण करणारी पोर मी पाहिली नाही. बाकीचे पळतात. ही पळायची नाही, वळायची. टाच जमिनीत रोवून एवढ्याशा जागेत अशी फिरायची की पाठलाग करणारी पोर हात पुढं करूनच पुढं निघून जायची. सातवीत असताना ती माझ्याकडं आली, अनवाणी. बारावी झाल्यावर अंबडच्या कॉलेजात गेली तरी सकाळी सहाला आपल्याच मैदानावर हजर. बूट आणून दिले तर म्हणायची, 'सर, बुटात जमीन लागत न्हाई.' आणि मला, खरं सांगतो, ते आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, सरावानंतर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, 'सर, टाचंत काटा मोडलाय बहुतेक. दिसून राह्यलाय, पण निघत न्हाई.' मी पाय पाहिला. डाव्या टाचेला मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. मैदानाच्या कडेला बाभळी आहेत, असे ठिपके मी हजार पाहिलेत. मी पेटी उघडली. ती ओरडली नाही, ओढणीचं टोक दातांत धरलं. चार दिवसांनी फोड आला, कातडी निघाली, आणि काळं तसंच राहिलं. मी म्हटलं, बिब्ब्याचा डाग आहे, जाईल.

बिब्बा डाग पाडतो हे इथं बसलेल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या पायाला तो असेल. म्हणून तर कोणालाच शंका आली नाही. तिच्या आईनं विचारलं तेव्हा पायलनं सांगितलं, सरांनी बिब्बा लावलाय. आई निर्धास्त झाली. सरांनी लावलाय ना, मग झालं. माझ्या नावावर एवढा भरवसा होता या गावाचा.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. 'सर, डाग पसरून राह्यलाय. कड वाकडी झालीय त्याची.' आता तो रुपयाएवढा होता. मंडळी, इथं मला अडाणी होतो असं म्हणून सुटता आलं असतं. पण मी अडाणी नव्हतो. बिब्ब्याचा डाग फिका होत जातो, पसरत नाही, हे मला माहीत होतं. मला त्या क्षणी खटकलं होतं. पण राज्य संघाची निवड चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. या शाळेतून राज्य संघात मुलगी कधी गेलेली नव्हती. डॉक्टरकडं नेली तर तो काहीतरी कापेल, पट्टी बांधेल, विश्रांती सांगेल, आणि चाचणी जाईल. मी तिला म्हणालो, 'आधी निवड होऊ दे पोरी, मंग दाखवू.' आणि दुसऱ्यांदा बिब्बा लावला.

निवड झाली. तुम्ही मिरवणूक काढली होती, आठवत असेल. गुलालात मीही होतो. त्या दिवशी मिरवणुकीपुरत्या घातलेल्या तिच्या मोज्याला रक्त लागलेलं होतं. ते तिनं मला दाखवलं आणि मी म्हटलं, घासलं असेल. राज्य स्पर्धा झाली, परीक्षा झाली. जून महिन्यात तिच्या जांघेत गाठ आली, तेव्हा तिची आई तिला जालन्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि एक तासही न दवडता चिठ्ठी लिहून छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. दिवाळी ते जून. आठ महिने.

तो त्वचेचा कर्करोग होता. मेलॅनोमा म्हणतात. तोवर मला वाटायचं, कातडीचा कॅन्सर गोऱ्या साहेबांना होतो, उन्हात पडून. डॉक्टरांनी सांगितलं, आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो बऱ्याचदा तळपायाला होतो, तळहाताला होतो, नखाखाली होतो. जिथं आपण बघत नाही, आणि बघितलं तरी लागलं असेल म्हणतो, तिथं.

आता मानपत्रातल्या त्या आधाराकडं येतो. पायलचे वडील अप्पाराव जालन्याला मस्तगडला एका दुकानात कामाला आहेत. सुट्टी मिळणं अवघड, आणि दवाखान्याचे कागद वाचणं त्याहून अवघड. आई शेतात रोजानं जाते. मी घरी जाऊन म्हटलं, मी नेतो पोरीला. अप्पारावांनी माझे हात धरले. मंडळी, त्यांनी माझे हात धरले तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं.

पहिल्या खेपेला डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं होतो. डॉक्टर बाई होत्या, तरुण, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी टाच दिव्याखाली धरली आणि विचारलं, 'हा डाग किती दिवसांपासून आहे? कोणाला दाखवला होता का?' मी पायलकडं पाहिलं. पायलनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, 'न्हाई मॅडम. माझं लक्षच गेलं न्हाई.' डॉक्टर जरा रागावल्या. म्हणाल्या, 'एवढी शिकलेली मुलगी, स्वतःच्या पायाकडं बघत नाहीस?' तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. माझी बोलणी तिनं खाल्ली. आणि मी, शिस्तप्रिय शिक्षक, मांडीवर फाईल घेऊन गप्प बसून राहिलो.

नंतर रक्त तपासायला तिला नेलं तेव्हा मी एकटाच आत गेलो. धाडस बघा माझं. मी विचारलं, 'मॅडम, समजा कोणी बिब्बा लावला असेल तर त्यानं हे होतं का?' त्या म्हणाल्या, 'त्यानं झालं असं मी म्हणणार नाही. पण डाग झाकला गेला ना. आठ महिने आधी आली असती, गाठीत उतरायच्या आधी, तर आपण वेगळंच बोलत असतो.' मग त्यांनी विचारलं, 'कोणी लावला?' मी म्हणालो, 'गावाकडं लावतात, मॅडम.' गावावर ढकललं. तुमच्या सगळ्यांवर.

परतीच्या एसटीत बसल्यावर मी पायलला विचारलं, 'तू खरं का नाही सांगितलंस?' मला वाटलं होतं, ती म्हणेल, गुरूचं नाव कसं घेऊ. असं काहीतरी, आपण भाषणांत म्हणतो तसलं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'सर, मी सांगितलं असतं तर माझ्या बापानं तुम्हाला दारात उभं केलं नसतं. मंग माझ्याबराबर कोण आलं असतं? मायला इंग्रजी येत न्हाई, सूरज अजून लहान हे. मला कोणीतरी लागणार होतं सर. तुम्ही होते.'

बघा मंडळी. ज्याला मानपत्रात पित्याची माया म्हटलंय, ती अशी सुरू झाली. वीस वर्षांच्या पोरीनं दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या हिशोब केला की हा माणूस चुकलाय, पण कामाचा आहे. आणि तिनं मला ठेवून घेतलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी हिला सांगितलं. तुळजाबाईंना. मला वाटलं, सांगितलं की मोकळं होईल. ही भाकरी थापत होती. थांबली आणि म्हणाली, 'मला कशाला सांगता? मी का तिची माय हे?' त्यानंतर दोन वर्षं हिनं हा विषय काढला नाही. प्रत्येक खेपेला डबा मात्र दोघांचा दिला, आणि मी निघालो की दारातून एवढंच विचारायची, 'आज सांगणार का?'

टाचेचं ऑपरेशन झालं. अख्खी टाच काढली, मांडीचं मांस आणून लावलं. जांघेतल्या गाठी काढल्या, पाय सुजून खांबासारखा झाला. मग इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी. सकाळी सहाची गाडी, अंबडवरून संभाजीनगर. गाडीत बाया विचारायच्या, काय झालं वो पोरीला? मी सांगायचो, खेळताना पाय मोडला. पायल एकदा म्हणाली, 'सर, किती खोटं बोलता. सांगा ना कॅन्सर हे. मला जागा तरी देतील बसायला.' दोघंही हसलो. ती चांगली हसायची, माझ्यावर तर जास्तच.

आधार कसा द्यायचा हे मला तिनं शिकवलं. मी सुरुवातीला मैदानावरचंच बोलायचो. हिंमत धर, हरायचं नाही, तू खेळाडू आहेस. चार-पाच खेपा तिनं ऐकलं. मग एकदा उलटी करून, तोंड पुसून म्हणाली, 'सर, ही मॅच न्हाई. मी हरले तर माझं चुकलं, असं वाटायला लागतं तुमच्या बोलण्यानं. तुम्ही नुसतं बसा, पाण्याची बाटली धरा.' तेव्हापासून मी बाटली धरून बसतो. इथं जमलेल्यांपैकी कोणाच्या घरात असं आजारपण असेल, तर एवढं लक्षात ठेवा. आणखी काही मला येत नाही.

दीडेक वर्ष इंजेक्शनांनी बरं चाललं. ती घरातल्या घरात फिरायला लागली, कुबडी घेऊन मैदानापर्यंत यायची, पोरींना बसल्या जागेवरून शिव्या घालायची. आम्हाला आशा वाटायला लागली. दोन महिन्यांपूर्वी खोकला सुरू झाला. गेल्या महिन्यात फोटो काढले. फुप्फुसात आलंय, यकृतात आलंय. औषध आता लागू पडत नाही. डॉक्टरांनी तिला समोर बसवून, तिचा हात हातात घेऊन, सगळं सांगितलं. वेदना कमी राहतील एवढं बघू, म्हणाल्या. घरी राहा, घरच्यांजवळ राहा.

मघाशी एका वक्त्यांनी म्हटलं, पायल लवकर बरी होऊन मैदानावर परतो. टाळ्या झाल्या. त्यांचं मन मोठं आहे, त्यांना माहीत नव्हतं. पण पायल मैदानावर परतणार नाही. ती आता बरी होणार नाही. काही महिने आहेत, किती ते कोणी सांगत नाही. हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायचं कसं, म्हणून मी आठ दिवस घासाघीस केली. ती म्हणाली, 'बोला सर, मला पाठ झालंय ते. रोज कोणी ना कोणी घरी येऊन म्हणतं, बरी होशील. मंग त्यांना बरं वाटावं म्हणून मीच मान हलवते. दमायला होतं.' तेव्हा मंडळी, तिच्याकडं जा, जरूर जा. तिला मैदानावरच्या भानगडी सांगा, कोणाची सोयरीक मोडली ते सांगा, तिला त्यात फार रस आहे. पण तिच्याकडून मान हलवून घेऊ नका.

त्या शेवटच्या खेपेला, परतीच्या गाडीत, अंबड गेल्यावर ती मला म्हणाली, 'सर, आता सांगा.' मी म्हटलं, 'काय?' म्हणाली, 'बिब्ब्याचं. आता खेपा संपल्या.'

मला जरा वेळ लागला कळायला. तिला आता माझी गरज उरली नव्हती. कागद वाचायचे नव्हते, रांगेत उभं राहायचं नव्हतं. ज्याच्यासाठी तिनं तोंड बंद ठेवलं ते काम झालं होतं. ती म्हणाली, 'आधी माझ्या माय-बापाला. मंग तुमच्या निरोपात सगळ्यांसमोर. नाव घेऊन सांगा. न्हाईतर लोक ऐकतील अन् पुन्हा बिब्बा लावतील.'

परवा दुपारी मी अप्पारावांच्या घरी गेलो. ते रविवारचे आले होते. मी सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. अप्पाराव उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. प्रभावतीबाईंनी मला विचारलं, 'सर, त्या दुसऱ्या टायमाला, तुम्ही बिब्बा टेकवला तवा, लई दुखलं असंल का वो तिला?' मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आज प्रभावतीबाई आल्यात. अप्पारावांसाठी धरलेली खुर्ची रिकामी आहे. ती रिकामी असणं मला बिलकुल चुकीचं वाटत नाही.

सर्जेराव, तुम्ही खाली मान घालू नका. तुम्ही जे सांगितलंत ते खरंच होतं. काटा होता तेव्हा काटा निघाला. तुमचं नशीब चांगलं, माझंही. पण त्या हजार काट्यांनी मला इतका आत्मविश्वास दिला, की हजार-एकाव्या वेळी मी पायाकडं बघितलंच नाही. मी माझ्या बिब्ब्याकडं बघितलं.

आकांक्षा मॅडम, पेटी तुमच्याकडं आहे. त्यातून बिब्बा आणि दाभण मी काढून टाकलंय. पट्ट्या आणि कात्री ठेवलीय. तळव्यावर, बोटांमध्ये, नखाखाली काळा ठिपका दिसला आणि तो वाढत असला, कड वेडीवाकडी असली, रंग एकसारखा नसला, त्यातून रक्त येत असलं, तर कोणती स्पर्धा आहे ते बघू नका. पोराला गाडीवर बसवा आणि डॉक्टरकडं न्या. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो काटाच असेल आणि डॉक्टर तुम्हाला हसतील. हसू द्या. आणि दर महिन्याला एकदा सगळ्या पोरांना ओळीनं बसवून तळपाय बघा. शनिवारी नखं बघतोच की आपण.

आता मानपत्राचं. काकासाहेब, शाल मी घेतो, नारळही घेतो. एकतीस वर्षं हजेरी लावली, तेवढा माझा हक्क आहे. पण मानपत्र काचेत मढवलेलं आहे, त्यातलं वाक्य खोडता येत नाही. म्हणून ते मी टेबलावर ठेवून जातो. तुमचा अपमान करायचा नाही. तुम्ही ते वाक्य प्रेमानं लिहिलंत, कारण तुम्हाला अर्धीच गोष्ट माहीत होती. आता पूर्ण माहीत झालीय. दुसरं लिहावं असं वाटलं तर लिहा, नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही.

अध्यक्ष महोदय, मी फार वेळ घेतला. संस्थेचे, सहकाऱ्यांचे, गावकऱ्यांचे आभार. या गावानं बाहेरून आलेल्या माणसाला घर दिलं, पोरं दिली, मान दिला. मंडप घालणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या मावश्यांचे आभार. तुळजाबाईंचे आभार मानायची रीत आमच्यात नाही, पण मानतो.

एक शेवटची विनंती आहे, आणि तीच माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे. परवा अप्पारावांच्या घरून निघताना मी पायलच्या खाटेपाशी बसलो आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, 'आत्ताच न्हाई सर. दोन वर्षं मला तुमच्यावर चिडता आलं न्हाई. चिडले असते तर तुम्ही यायचे थांबले असते. आता मला चिडू द्या.' आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मी या गावाला ओळखतो. तुम्ही प्रेमळ माणसं आहात. उद्यापासून तुमच्यातलं कोणी ना कोणी तिच्या खाटेपाशी बसेल, तिच्या डोक्यावरून हात फिरवेल आणि म्हणेल, पोरी, मन मोठं कर, सरांना माफ कर, मनात काही ठेवून जाऊ नकोस. ते करू नका. हात जोडतो. तिच्याकडं दिवस थोडे आहेत, आणि ते तिला माझ्यावर चिडण्यात घालवायचे असतील तर तो तिचा अधिकार आहे. माझ्या वाट्याची माफी तिच्याकडून कोणी काढून आणू नका.

आज माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर तेवढ्यापुरतं मला सांभाळून घ्या. तेवढ्यापुरतंच. बसतो.